आकृती हातात जिवंत वाटते, देखाव्यात उभी केली की निर्जीव का होते?

धागाकर्ता

नमस्कार. गेली चार वर्षे मी १/३५ प्रमाणातल्या प्लास्टिकच्या आणि रेझिनच्या आकृत्या रंगवतो आहे. सुट्या आकृतीवर आता हात बऱ्यापैकी बसला आहे, म्हणून यंदा पहिल्यांदाच एक पूर्ण देखावा (डायोरामा) करायला घेतला. प्रसंग साधा आहे. पाऊस नुकताच थांबला आहे, कच्च्या रस्त्यावर एक मालवाहू ट्रक बंद पडला आहे, एक जण गुडघ्यावर बसून चाक काढतो आहे, दुसरा हातात जॅक घेऊन उभा आहे आणि तिसरा थोडा दूर जाऊन रस्त्याकडे पाहतो आहे. देखाव्याचा पाया, म्हणजे खालची फळी, २० बाय १५ सेंटिमीटरची आहे.

अडचण अशी की, रंगवताना धरायच्या लाकडी मुठीवर बसवलेल्या असताना या तिन्ही आकृत्या मला मनापासून आवडल्या होत्या, पण जमिनीवर उभ्या करताच त्या कोणीतरी तिथे आणून ठेवल्यासारख्या दिसू लागल्या. चेहऱ्यांवर मी प्रत्येकी सहा-सात तास घालवले आहेत. पद्धत नेहमीचीच होती: काळे प्रायमर, त्यावर मूळ रंगाचे दोन पातळ हात, मग घड्यांमध्ये गडद रंगाचा ओघळता पातळ लेप, कडांवर कोरड्या ब्रशने फिकट छटा आणि शेवटी मॅट वार्निश. टेबलावरचा दिवा माझ्या डाव्या हाताला असतो. बारकावे कमी पडले असावेत असे वाटून मी आता गुंड्यांची भोके आणि पापण्या रंगवायला घेणार होतो. पण त्याआधी जाणकारांना विचारावे, म्हणून हा धागा काढला आहे.

सावलीरेघ

पापण्यांना हात लावू नका. तुमच्या लिखाणातले एकच वाक्य माझ्या लक्षात राहिले: दिवा डाव्या हाताला असतो. तिन्ही आकृत्या तुम्ही त्या दिव्याखाली, प्रत्येक वेळी चेहरा स्वतःकडे करून रंगवल्या असणार. म्हणजे प्रत्येकाच्या उजव्या गालावर आणि उजव्या खांद्यावर उजेड रंगला आहे. आता देखाव्यात एक जण ट्रककडे तोंड करून बसला आहे, दुसरा त्याच्याकडे वळला आहे आणि तिसरा भलतीकडेच पाहतो आहे. तिघांवरचा उजेड तीन दिशांनी येतो आहे. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येणार नाही, पण ही माणसे एका आकाशाखाली उभी नाहीत हे त्याच्या डोळ्याला पहिल्याच क्षणी कळते.

मुळात आपण उजेड रंगवतो कशासाठी, हेही एकदा नीट पाहून घ्यावे. साच्यात दाबाने ओतलेल्या प्लास्टिकच्या आकृतीत कपड्याच्या घड्या उथळच असतात, कारण खोल आणि आतून वळलेली घडी पोलादी साच्यात अडकते आणि तुकडा बाहेर निघत नाही. रबराच्या साच्यातले रेझिन या बाबतीत पुष्कळ बरे, कारण रबर थोडे ताणता येते. त्यात भर म्हणून घरातला उजेड भिंतींवरून आणि छतावरून परतून चहूबाजूंनी येतो. उथळ घडी आणि पसरलेला उजेड एकत्र आले की सावली जवळजवळ उरतच नाही, म्हणून ती आपल्याला रंगाने परत आणावी लागते. आणि ती रंगानेच आणायची असेल, तर कोणत्या आकाशाची आणायची हे आधी ठरवावे लागते.

तुमच्या प्रसंगात पाऊस नुकताच थांबला आहे, म्हणजे आकाश भरलेले असणार. अशा वेळी ऊन एका बाजूने येत नाही. सगळे आकाशच वरून मंद दिव्यासारखे उजळलेले असते. डोके, खांदे, टोपीचा माथा, वाकलेल्या माणसाची पाठ हे भाग फिकट दिसतात, तर हनुवटीखाली, काखेत, कोटाच्या खालच्या काठाखाली आणि मांड्यांच्या आत सावली साठते. सावलीच्या कडा कुठेही कापल्यासारख्या नसतात. पुढच्या वेळी काळ्या प्रायमरवर पांढऱ्याचा फवारा बरोबर डोक्यावरून मारा. जिथे पांढरे बसले तिथे आकाश पोहोचले आणि जिथे काळे राहिले तिथे पोहोचले नाही. त्याच अवस्थेत चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा, कारण वर रंग चढल्यावर हा नकाशा दिसेनासा होतो आणि मग आपण पुन्हा सवयीने डावीकडचा दिवा रंगवू लागतो.

हे काम तिघांवर एकाच बैठकीत करावे. तिन्ही आकृत्या पायाच्या लाकडावर तात्पुरत्या त्यांच्याच जागी टोचून, त्याच दिशांना वळवून फवारा मारला, तर ही चूक होऊच शकत नाही.

कानस_आणि_चिमटा

सावलीरेघ यांच्याशी मी सहमत आहे, पण माझ्या मते तुमची पहिली अडचण पायांत आहे. आकृतीचे बूट तळाशी सपाट असतात आणि आपण ते सपाट जमिनीवर डिंकाने चिकटवतो. ओल्या कच्च्या रस्त्यावर माणूस असा उभा राहत नाही. टाच दोन सेंटिमीटर रुतली, तर १/३५ प्रमाणात ती साधारण ०.६ मिलिमीटर होते. एवढे अंतर मोजपट्टीवर नगण्य वाटते, पण बूट आणि माती यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट राहिली की माणूस तरंगतो आणि तेवढ्याच मापाने बूट मातीत गेला की त्याला वजन येते.

मी असे करतो: प्रत्येक पायात ०.८ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात तार बसवतो आणि जमिनीचा लेप ओला असतानाच, रंगवण्यापूर्वीची कोरी आकृती त्यात दाबून बुटांचे ठसे उठवून घेतो. लेप अर्धवट वाळला की आकृती काढून घेतो. रंगकाम झाल्यावर ती त्याच ठशांत परत बसते आणि बुटाच्या कडेने वर आलेली माती आपोआप योग्य जागी असते. बुटाला तेल किंवा मेणाचा अगदी पुसट हात आधी द्यावा, नाहीतर लेप चिकटून ठसा फाटतो. आणि हा थर रंगापूर्वी साबणाच्या पाण्याने पूर्ण धुवावा, नाहीतर प्रायमर धरत नाही.

दुसरे म्हणजे वजन कोणत्या पायावर आहे ते पाहा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर जाते आणि खांदा खाली येतो. तुमच्या जॅकवाल्या माणसाकडे या नजरेने पाहा. लोखंडी जॅक एका हातात धरला की शरीर आपसूक दुसऱ्या बाजूला झुकते, मोकळा हात थोडा बाहेर जातो. ती आकृती मूळची दुसऱ्या कशासाठी घडवलेली असेल आणि तुम्ही फक्त हातातली वस्तू बदलली असेल, तर तिच्या शरीराला त्या जॅकची खबरच नाही.

धागाकर्ता

दोन्ही निदाने अचूक आहेत. तिघांच्याही उजव्या गालावर उजेड आहे, हे मी आत्ता भिंगाखाली पाहिले. जॅकवाली आकृती मूळची बादली घेऊन उभी असलेली होती. मी मनगट कापून हात बदलला, पण खांद्यांना हात लावला नाही. कंबरेतून कापून पुन्हा जोडावे लागेल का?

कानस_आणि_चिमटा

होय, आणि ते वाटते तितके भीतिदायक नाही. बारीक करवतीने कमरेच्या पट्ट्याच्या रेषेवर कापा, कारण तिथला सांधा नंतर पट्ट्याखाली लपतो. दोन्ही भागांत तार घाला, वरचा भाग जॅकच्या विरुद्ध बाजूला थोडा कलवा आणि फटीत दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा. पुट्टी तास-दीड तास मऊ राहते, तेवढ्या वेळात पाण्यात बुडवलेल्या दाभणाच्या टोकाने कोटाच्या चुण्या पुन्हा ओढता येतात. एक लक्षात ठेवा: शरीर ज्या बाजूला दुमडते तिकडे चुण्या दाटतात आणि ताणलेल्या बाजूला त्या जवळजवळ नाहीशा होतात. फट फक्त भरून पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, तर तिथे कोट न राहता दुरुस्ती दिसते. रेझिनची आकृती असेल तर ओली घासा आणि मास्क लावा. त्या कोरड्या धुळीने फुप्फुसांना इजा होते.

अर्धा_मिलिमीटर

डोळ्यांबद्दल थोडे लिहितो, कारण पापण्यांचा उल्लेख वाचून राहवले नाही. माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी साधारण ३० मिलिमीटर धरली, तर १/३५ मध्ये ती ०.८६ मिलिमीटर होते आणि बुबुळ जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचे. आपण ही आकृती ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खऱ्या जगात सुमारे साडेदहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो. एवढ्या अंतरावरून कोणाच्या डोळ्यांचा पांढरा भाग ठळक दिसतो? दिसते ती भुवईखालची सावली आणि वरच्या पापणीची गडद रेघ. शुद्ध पांढरा रंग भरला की माणूस दचकलेला दिसतो. त्वचेच्या छटेत किंचित राखाडी मिसळून डोळ्याची जागा भरावी, बुबुळाचा ठिपका वरच्या पापणीला टेकलेला ठेवावा आणि तिथेच थांबावे.

यासाठी ००० क्रमांकाचा कुंचलाही लागत नाही. त्याच्या चार केसांत रंग मावत नाही आणि टेबलावरून चेहऱ्यापर्यंत नेईस्तोवर टोकावर वाळतो. चांगल्या कोलिन्स्की (एका प्रकारच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या) केसांचा १ क्रमांकाचा कुंचला पोटात रंग धरून ठेवतो आणि टोकाला सुईसारखा राहतो. फक्त रंग केसांच्या मुळाशी, धातूच्या टोपणात चढू देऊ नका. तिथे तो वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचे जाते.

सावलीरेघ

अर्धा_मिलिमीटर यांच्या लिखाणाला जोडून चेहऱ्याच्या रंगाविषयी एक सुचवतो. तयार मिळणारे बहुतेक त्वचेचे रंग गोऱ्या कातडीचे असतात आणि गव्हाळ किंवा सावळ्या माणसासाठी लोक त्यातच तपकिरी मिसळतात. त्याने चेहरा मातकट होतो. सावळ्या त्वचेची सुरुवात तांबूस तपकिरीपासून करावी, सावलीत काळ्याऐवजी जांभळट निळ्याचा अंश घालावा आणि कपाळ, नाकाचा शेंडा व गालाचे हाड यांवर उजेड थोड्या जागेत पण ठळक ठेवावा, कारण गडद त्वचेवर पसरट उजेडापेक्षा चमक जास्त बोलते. तुमच्या प्रसंगात चेहरे पावसाने भिजलेले आहेत, तेव्हा तिथे मॅट वार्निशवर सॅटिनचा, म्हणजे अर्धवट चमकणाऱ्या वार्निशचा, एखादा पुसट थर शोभेल.

चारी_बाजू

मला या चर्चेतल्या एका गृहीतकाविषयी शंका आहे. चित्राला एकच समोरची बाजू असते, त्यामुळे चित्रकाराने उजेड रंगवणे योग्यच. पण देखाव्याभोवती माणूस फिरतो आणि खोलीतला खरा दिवा कुठेही असू शकतो. रंगवलेली सावली आणि खरी सावली एकमेकींविरुद्ध गेल्या तर आपण एक चूक काढून दुसरी आणत नाही का? त्यापेक्षा आकृत्या साध्या रंगवाव्यात आणि उजेडाचे काम उजेडालाच करू द्यावे, असे मला वाटते.

सावलीरेघ

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रसंगावर अवलंबून असते. कलत्या उन्हाचा किंवा रात्रीच्या शेकोटीचा प्रसंग चारी बाजूंनी उघड्या पायावर रंगवणे खरोखरच अवघड आहे. तिथे तुमचाच मार्ग बरोबर: देखावा पेटीत बसवावा, समोरची एकच खिडकी ठेवावी आणि आत लपवलेला दिवा लावावा. डायोरामा हा शब्दच मुळी अशा बंदिस्त उजेडातून आला. लुई दाग्येर आणि शार्ल बूताँ या चित्रकारांनी १८२२ मध्ये पॅरिसला जो डायोरामा उघडला, त्यात आकृत्या नव्हत्या. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांसमोर अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेले प्रचंड चित्र होते आणि पुढचा-मागचा उजेड कमीजास्त करून त्या चित्रात दिवस मावळताना दाखवत. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात गुन्हे-तपासाच्या शिक्षणासाठी १/१२ प्रमाणात मृत्यूच्या घटनास्थळांचे जे देखावे केले, त्यांतही बारीक दिवे खरोखर लागत. तपास करणाऱ्याने खोलीत काय पाहावे हे त्या उजेडावरही ठरे.

पण भरलेल्या आकाशाचा उजेड वरून येतो आणि प्रत्येक बाजूने पाहणाऱ्याला सारखाच दिसतो, शिवाय घरातला दिवाही बहुतेक वेळा वरच असतो. म्हणून या देखाव्यात रंगवलेला आणि खरा उजेड भांडणार नाहीत. धागाकर्त्यांनी नकळत निवडलेला हा प्रसंग पहिल्या देखाव्यासाठी उत्तम आहे.

चारी_बाजू

पटले. पेटीची बाब मात्र कोणीतरी स्वतंत्रपणे सविस्तर लिहावी, ही विनंती.

मातीकाम

आकृत्यांवर भरपूर बोलून झाले, आता जमिनीबद्दल लिहितो, कारण माणूस आणि जमीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डब्यांतल्या रंगांनी रंगवली जातात आणि ती शेवटपर्यंत एकमेकांना ओळखत नाहीत.

सगळ्यात आधी मापाचा विचार करा. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो. आपण साधी वाळू पसरून रस्ता केला म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात खडीचा ढीग केलेला असतो. रस्त्यासाठी चहाच्या गाळणीतूनही खाली पडेल इतकी बारीक माती हवी. बागेतली माती वापरत असाल, तर ती ओव्हनमध्ये नीट तापवून घ्या. तिच्यातली बुरशी आणि किडे पुढे महिन्यांनी वर येतात. बर्फाच्या देखाव्यासाठी खाण्याचा सोडा वापरणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे: तो कालांतराने पिवळा पडतो, काचेची बारीक पूड त्यापेक्षा टिकते.

ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते, कारण कणांमधल्या फटींत हवेऐवजी पाणी भरते आणि उजेड बाहेर कमी विखुरतो. कापडाचेही तसेच. मग गुडघ्यावर बसून चाक काढणाऱ्या माणसाची पँट गुडघ्यापाशी कोरडी कशी असेल? तिथे मूळ रंगाच्या दोन छटा गडद ओलेपणा हवा, त्याची कड वर जाताना विरघळत जायला हवी आणि मधोमध चिखल चिकटलेला हवा. तो चिखल रस्त्यासाठी कालवलेल्या त्याच वाटीतला असावा. मी रस्त्याच्या रंगाची कोरडी पूड वेगळी काढून ठेवतो आणि तीच बुटांवर, कोटाच्या काठावर, ट्रकच्या चाकांवर आणि जॅकच्या तळाला लावतो. फक्त वर जाताना तिचे प्रमाण कमी करत जातो. गुडघ्यापर्यंत दाट, मांडीपर्यंत शिंतोडे आणि चाक ज्या हातांनी काढले त्या बोटांवर थोडी. एकच माती तीन ठिकाणी दिसली की ती एकाच जागेची वाटतात.

डबक्यांसाठी दोन भागांचे स्वच्छ रेझिन ओतणार असाल, तर तळ आधी वार्निशने बंद करा, नाहीतर मातीतली हवा बुडबुडे होऊन वर येते. थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर घट्ट होताना फार तापतो. आणि डबक्याची कड तीक्ष्ण ठेवू नका. ओल्या जागेचा गडद पट्टा पाण्याबाहेर थोडा पसरलेला असतो, तो आधी रंगवून मगच ओता.

निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कार्ल एकली यांनी अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या संग्रहालयासाठी १८९० मध्ये कस्तुरी उंदरांचा (मस्करॅट) देखावा केला. त्याआधी पेंढा भरलेले प्राणी बहुधा फळीवर एकटेच ठेवत. एकलींनी त्यांना त्यांची दलदल दिली, बिळाचा आडवा छेद दिला आणि मागे क्षितिज रंगवले. तो देखावा आजही तिथे आहे.

नजर

एक प्रश्न राहून गेला आहे. तुमचा तिसरा माणूस रस्त्याकडे पाहतो आहे, पण रस्त्यावर काय आहे?

मेकेत्रे नावाच्या प्राचीन इजिप्तमधल्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी आकृत्यांचे देखावे सापडले. त्यांतल्या गुरांच्या मोजणीच्या देखाव्यात मेकेत्रे छताखाली बसला आहे, शेजारी लेखनिक आहेत आणि समोरून गुराखी गुरे हाकत नेत आहेत. त्या आकृत्यांच्या चेहऱ्यांवर आपल्यासारखे थर नाहीत की घड्या नाहीत. तरी काय चालले आहे हे पाहताक्षणी कळते, कारण कोण कोणाकडे तोंड करून आहे हे स्पष्ट आहे.

तुमच्या देखाव्यात दोघे चाकात गुंतले आहेत आणि तिसरा त्यांच्याशी काही नाते नसल्यासारखा पायाच्या काठाबाहेर पाहतो. नजर काठावरून बाहेर गेली की पाहणाऱ्याचे लक्षही तिच्याबरोबर बाहेर जाते. कागदाच्या बारीक पट्ट्या कापून प्रत्येक आकृतीच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा आणि वरून पाहा. पट्ट्या कुठे एकमेकींना छेदतात ते कळेल. मान कापून डोके पंचवीस-तीस अंश ट्रककडे वळवले, पण धड रस्त्याकडेच ठेवले, तर तो वाट पाहता पाहता मागून हाक आल्यामुळे वळलेला माणूस होईल. त्याची ओढ दोन्हीकडे राहील. ट्रकही पायाच्या कडेला समांतर असेल, तर थोडा तिरपा करून पाहा. समांतर वाहन रस्त्याच्या तुकड्यापेक्षा फळीशी जास्त जुळते.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, तेव्हा एकही पट्टी दुसरीला छेदत नव्हती. जॅकवाल्याचीही नजर चाकावर नसून बॉनेटवर होती, हे मला इतक्या दिवसांत दिसले नव्हते. तिन्ही आकृत्या पायावरून काढल्या. जॅकवाला कमरेच्या पट्ट्यावर कापला, डाव्या बाजूला कलवला, उजवीकडच्या चुण्या पुट्टीने सपाट केल्या आणि डावीकडे तीन नव्या ओढल्या. त्यांतली मधली अजून जाड आहे. तिसऱ्याची मान वळवली. मग तिघांनाही पायावर त्यांच्या जागी टोचून डोक्यावरून फवारा मारला आणि पुन्हा रंगवले. चेहऱ्यांवर या वेळी प्रत्येकी दीड तास लागला. डोळ्यांत पांढरे भरले नाही.

रस्ता उकरून त्याचा लेप नव्याने घातला आणि कोऱ्या आकृत्यांच्या बुटांचे ठसे घ्यायचे तर आता कोऱ्या आकृत्या नव्हत्या, म्हणून त्याच संचातल्या उरलेल्या एका आकृतीचे पाय कापून ठसे उठवले. ट्रकपासून तिसऱ्या माणसापर्यंत अकरा पावले उमटली आहेत. शेवटची दोन त्याच्या बुटांखाली आहेत आणि मान वळली तशी उजवी टाच थोडी जास्त दाबली आहे.

एक अडचण उरली आहे. बुटांवर लावलेली मातीची पूड पक्की करण्यासाठी द्रव सोडला, तर ती रस्त्यापेक्षा गडद झाली. हा द्रव रस्त्यावरही फिरवावा, की बुटांवर पुन्हा कोरडी पूड लावून तशीच सोडावी?

मातीकाम

रस्त्यावर फिरवू नका, सगळेच एकसारखे गडद होईल. द्रव पूर्ण वाळू द्या, एक रात्र जाऊ द्या. त्यातला बराचसा गडदपणा वाळल्यावर उतरतो. तरीही फरक राहिला, तर फक्त बुटाच्या वरच्या कडेला कोरडी पूड मऊ ब्रशने टेकवा आणि तशीच ठेवा. तळाशी गडदच राहू द्या, तो भाग ओल्यात आहे.